व्हीओटू मॅक्सचा आकडा आणि कन्नड घाट: आठ महिन्यांची नोंद

सायकलवर पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) बसवून आठ महिने झाले. नोव्हेंबरात घड्याळ माझा सायकलिंगचा व्हीओटू मॅक्स ४२ दाखवत होतं, आज सकाळी ४८ दाखवलं. मध्ये जानेवारीत तो ४७ होता आणि मे महिन्यात ४४ वर उतरला. यात माझी कमाई किती आणि घड्याळाला मीच दिलेल्या चुकीच्या माहितीची दुरुस्ती किती, हे शोधण्यात बराच वेळ गेला. आपल्या गटातल्या बऱ्याच जणांनी नवीन घड्याळं घेतली आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून मेहनत करताना शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे, किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये हिल आणि ल्यूप्टन यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा पाठीवर पिशवी बांधून धावणाऱ्याचा श्वास त्यात गोळा करत. आज मास्क लावून मोजतात. मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की अमुक काम करताना हृदयाचे ठोके किती पडले. त्यावरून ते पुढचा अंदाज बांधतं: ठोके कमालीवर पोचले तर हा माणूस किती काम करेल?

धावताना काम कळतं, कारण सपाट रस्त्यावर वेग आणि ऑक्सिजन यांचं नातं बऱ्यापैकी पक्कं असतं. सायकलवर ते तुटतं. चाळीसगावहून पाटणादेवीला जूनमध्ये निघा, समोरून वारा. जाताना माझा वेग २४, येताना ३३, आणि ठोके दोन्ही वेळा तेवढेच. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे नुसत्या जीपीएसवरून सायकलवाल्याची मेहनत कळणं शक्य नाही. साक्रीकडच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, त्याच वाऱ्यात आपण राईड करतो. म्हणूनच गार्मिन कंपनीचं घड्याळ सायकलिंगचा आकडा पॉवर मीटर असेल तरच देतं, आणि त्यासाठी किमान २० मिनिटं बऱ्यापैकी जोर लावलेली राईड लागते. अ‍ॅपल वॉच बाहेरचं चालणं, धावणं आणि हायकिंग यांवरूनच अंदाज काढतं, सायकलिंगवरून नाही.

आमच्या गटातला एक मित्र घाटात मला दरवेळी मागे टाकतो. त्याच्याकडे पॉवर मीटर नाही. घड्याळ त्याला ३७ देतं, कारण घड्याळाला त्याचं रात्रीच्या जेवणानंतरचं फिरणंच मिळतं. मध्ये तो विचारत होता, "भाऊ, मना आकडा का बरं पडना?" त्याची तब्येत उत्तम आहे. तो आकडा त्याच्या सायकलिंगचा नाहीच.

आता माझ्या चुका. पहिली वजनाची. घड्याळात जुनं ७८ किलो तसंच राहिलं होतं, काट्यावर मी ७५ होतो. ते दुरुस्त केल्यावर आकडा ४३ झाला.

दुसरी चूक मोठी. कमाल ठोके घड्याळाने २२० वजा वय या सूत्रावरून धरले होते. माझं वय ४३, म्हणजे १७७. हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. डिसेंबरात कन्नड घाटाच्या शेवटच्या वळणांवर उभं राहून पेडल मारलं तेव्हा छातीच्या पट्ट्यावर (छातीला बांधून ठोके मोजणारा पट्टा) १८८ दिसले. (चाळिशीपुढच्यांनी असा प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना भेटून यावं, हे मनापासून सांगतो.) कमाल १७७ धरली की १६८ ठोक्यांवर घड्याळाला वाटतं माणूस संपत आलाय, प्रत्यक्षात माझ्याकडे अजून वीस ठोके शिल्लक असतात. १८८ भरल्यावर पुढच्या दोन-तीन राईडमध्ये आकडा ४६. सराव तोच, पाय तेच.

घड्याळ ज्याने मनगटावर ठोके मोजतं, त्या हिरव्या दिव्याबद्दल थोडंच सांगतो. हँडलवर मनगट वाकतं, पकड घट्ट होते, खड्ड्यांनी घड्याळ हलतं. एकदा घड्याळ आणि छातीचा पट्टा दोन्ही एकत्र लावून पाहिलं, तर चढावर मनगट १५ ठोके कमी दाखवत होतं. ठोके कमी दिसले की व्हीओटू मॅक्स फुगतो. छातीचा पट्टा घ्याच.

फेब्रुवारीत पुण्याला जाऊन मास्क लावून रॅम्प टेस्ट (जोर टप्प्याटप्प्याने वाढवत दमेपर्यंत पेडल मारायची चाचणी) दिली. ४८.६ आला. त्या आठवड्यात घड्याळ ४७ सांगत होतं, म्हणजे फरक तीन टक्क्यांच्या आसपास. सगळी माहिती नीट भरल्यावर घड्याळ इतकं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं. कागदावर करता येणारा हिशेबही करून पाहिला: शेवटच्या मिनिटाचे वॅट गुणिले १०.८, भागिले वजन, अधिक ७. माझे २९० वॅट आणि ७४ किलो, उत्तर ४९.३. ते थोडं जास्त येणारच, कारण शेवटच्या मिनिटातली काही ताकद ऑक्सिजनशिवाय आलेली असते.

आणि मग आपला उन्हाळा. घाटातला माझा ठरलेला टप्पा मी २१५ वॅटवर चढतो. जानेवारीत त्याला १६० ठोके लागायचे, मे महिन्यात नऊ वाजता निघालो तेव्हा १६९. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं. तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदय जास्त वेळा धडधडतं. घड्याळ ते फिटनेस घसरल्याचं लक्षण समजतं. काही घड्याळं फोनवरून तापमान घेऊन थोडं सांभाळून घेतात. खानदेशातल्या ४४ अंशांना ते पुरलं नाही, निदान माझ्या बाबतीत. आकडा ४४ वर आला तेव्हा मी घाबरून आठवडाभर जास्त सराव केला आणि आणखी थकलो. त्याची मुळीच गरज नव्हती.

पाऊस पडला आणि गेल्या रविवारी त्याच टप्प्याला १५८ ठोके लागले. घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) पंखा लावून रॅम्प केली: २९२ वॅट, फेब्रुवारीपेक्षा दोनच जास्त. म्हणजे ४२ ते ४८ या सहापैकी चार गुण सेटिंगचे आणि जेमतेम दोन माझे. ते दोनही डिसेंबर-जानेवारीतल्या लांब, सावकाश राईडमधून आले असं मला वाटतं, कारण त्यानंतर वॅट जवळपास तिथेच आहेत.

मित्राने छातीचा पट्टा मागवलाय. येत्या रविवारी सहा वाजता घाटाच्या पायथ्याशी भेटतोय. माझा जुना सिंगल साइड (एकाच पायाची ताकद मोजणारा) पॉवर मीटर त्याच्या क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, बसतो का ते पाहायचं आहे, बसला तर महिनाभर त्याच्याकडेच ठेवणार.