पदराखालचा पाय

औशाला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम ही रोजची कामं. सप्टेंबर लागला की मात्र जुने फोटो यायला लागतात. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. १९९३ साली गणपती बुडवून दमलेली माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं माणसांवर बसली. जवळपास १० हजार माणसं गेली.

ढिगाऱ्यातून निघालेला फोटो हातात घेताना मला अजूनही धास्ती वाटते. काचेला चिकटलेला फोटो कधी ओढून काढायचा नसतो; वरचा थर काचेवर राहतो आणि चेहराच सोलून निघतो. मी काचेसकट स्कॅन करतो. मग माती, बुरशी, घड्या स्क्रीनवर एकेक करून पुसत बसायचं.

चाळिशीच्या एक ताई असाच फोटो घेऊन आल्या होत्या. जत्रेतल्या तंबूत काढलेला, मागं डोंगर-धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढं खुर्चीवर त्यांची आई. रंग उडून सगळा लालसर झालेला. दोन रात्री बसून मी तो साफ केला. चेहरा छान उघडला, कुंकूसुद्धा दिसायला लागलं. मला समाधान वाटत होतं.

ताईंनी प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "दादा, पाय कुठं गेला?"

"कुणाचा पाय?"

"माझ्या भावाचा. आईच्या मांडीवर हाय की तो. तान्ह्या लेकराचा फोटो काढू नये म्हणून तिनं वरून पदर घेतला होता. पाय तेवढा भाईर होता."

माझ्या पोटात खड्डा पडला. आईच्या कोपराखाली एक फिकट ठिपका होता. बुरशीचा डाग समजून मीच तो पुसला होता.

त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. सांगत राहिल्या. पोर तीन महिन्यांचं. बारसं झालं होतं, पण रेशनकार्डावर नाव चढायचं होतं. त्या रात्री ताई आजोळी होत्या म्हणून वाचल्या. घरातलं दुसरं कुणी राहिलं नाही. म्हणजे तो पोरगा या जगात येऊन गेला याचा कागदावरचा पुरावा तेवढाच, आणि मी तो माऊस फिरवून काढून टाकला होता.

मूळ स्कॅन मी कधीच पुसत नाही, ती सवय कामी आली. त्यांच्यासमोरच फाइल उघडली. अपराधी वाटत होतं म्हणून बोलून गेलो, "ताई, आता कॉम्प्युटर चेहराही तयार करतो. तुमच्या आणि आईच्या चेहऱ्यावरून बाळाचा करून देतो. पैसे नकोत."

त्या मान हलवत म्हणाल्या, "नको. दुसऱ्याच कुणाचं लेकरू येईल ते. त्याचं तोंड मला आठवत न्हाई दादा, खोटं कशाला बोलू? पाय आठवतो. पाळण्यातनं सारखा भाईर काढायचा आन् मी आत सारायची."

गेलेल्या माणसाचा चेहरा हवा म्हणून लोक माझ्याकडं काय काय मागतात. वडिलांचे केस काळे करा, आजीला हसरी करा. मीही करून देतो, त्यात कुणाचं काही जात नाही. पण हातात एवढंसं उरलेलं असताना त्यात आपल्या मनाचं काही न घालणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"फ्रेमला हाराची जागा ठेवू का?" मी विचारलं.

"हार नको. लेक बाळंतपणाला आलीया. पाळण्यासमोर लावायचाय."

त्या बाकावर बसून राहिल्या आणि मी नव्यानं कामाला लागलो. फोटो खूप मोठा करून बघितला तेव्हा घोट्यावरचा काळा दोरा दिसला, मग बोटं. ती चारच भरली. करंगळी पदराच्या काठाखाली होती. ती तशीच राहू दिली.