परदेशात राहून इथलीच नोकरी: व्हिसाआधी कंपनीचे पत्र

‘नोकरी इथलीच ठेवून वर्षभर परदेशात राहता येईल का?’ हा प्रश्न करसल्लागार म्हणून मला अलीकडे वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या त्या देशाची उत्पन्नाची अट आधीच पाहिलेली असते. पगार त्या आकड्यापेक्षा अधिक आहे म्हणजे निम्मे काम झाले, असा त्यांचा समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. अर्ज अडतो तो पगाराच्या आकड्यावर क्वचितच. तो अडतो कंपनीच्या पत्रावर आणि त्या पत्रामागच्या कर व सामाजिक सुरक्षेच्या प्रश्नांवर.

पर्यटक व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडून बसण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. परंतु युरोपातील बहुतेक देशांसाठीच्या सामायिक शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि पर्यटक व्हिसा कामाची परवानगी देत नाही. ही अडचण ओळखूनच २०२० साली, महासाथीच्या काळात, बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवाने सुरू केले. आज असे परवाने देणाऱ्या देशांची यादी मोठी असली, तरी ती सगळी भारतीय पासपोर्टधारकांसाठी खुली नाही. जपानने २०२४ मध्ये सुरू केलेला सहा महिन्यांचा परवाना ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या देशांत भारत नाही. आइसलँडचा परवानाही ज्यांना तेथे प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही, अशांपुरताच आहे. त्यामुळे उत्पन्नाची अट पाहण्यापूर्वी पात्र देशांची यादी पाहावी.

उत्पन्नाच्या अटींविषयी थोडक्यात सांगतो. पोर्तुगालच्या डी-८ या दूरस्थ कामासाठीच्या व्हिसासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते, म्हणजे २०२५ साली ३,४८० युरो. युरोचा दर शंभर रुपये धरला तर महिना साधारण साडेतीन लाख रुपये. स्पेनमध्ये किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे त्याच वर्षी सुमारे २,७६० युरो लागत होते, आणि जोडीदार व मुले सोबत असल्यास ही रक्कम वाढते. थायलंडने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या, दूरस्थ काम करणाऱ्यांनाही मिळणाऱ्या डीटीव्ही व्हिसात बँकेत पाच लाख बाटची शिल्लक दाखवावी लागते. नियमित बचत करणाऱ्या मध्यमवर्गीय नोकरदाराला ही अट युरोपपेक्षा पुष्कळच आवाक्यातली आहे.

आता पत्राकडे वळतो. माझी भाची पुण्यातील एका कंपनीत काम करते आणि तिला वर्षभर स्पेनमधील वालेन्सियाला राहायचे आहे. ‘मामा, पत्र मिळालं, आता अर्ज भरू ना?’ असे म्हणत तिने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे पत्र माझ्यापुढे ठेवले. ‘सदर कर्मचाऱ्यास वैयक्तिक कारणासाठी परदेश प्रवास करण्यास कंपनीची हरकत नाही’ एवढेच त्यात होते. सुट्टीसाठी ते पुरेसे होते, परंतु स्पेनच्या या व्हिसासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. तेथे कंपनीने स्पष्ट लिहून द्यावे लागते की या कर्मचाऱ्याला स्पेनमधून दूरस्थ काम करण्याची परवानगी आहे, तिचे पद व पगार अमुक आहे, आणि ती किमान तीन महिन्यांपासून नोकरीत आहे. शिवाय कंपनीचा व्यवसाय किमान एक वर्षापासून सुरू असल्याचा पुरावाही लागतो. त्यातले ‘स्पेनमधून’ हे लिहून द्यायलाच कंपन्या कचरतात.

त्यांची भीती अनाठायी नाही. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून दीर्घकाळ कंपनीचे काम करू लागला, विशेषतः तो करार ठरवणारा अधिकारी असेल, तर तेथे कंपनीचे कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे करपात्र व्यवसायाचे ठिकाण, आहे असे मानून त्या देशाचे करखाते नफ्यावर हक्क सांगू शकते. सामाजिक सुरक्षेचा प्रश्न त्याहून तातडीचा आहे. पोर्तुगालशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे आणि अशा करारांखाली कंपनीने परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून कव्हरेजचा दाखला, म्हणजे वर्गणी भारतातच भरली जात असल्याचा पुरावा, मिळू शकतो. स्पेनशी तसा करार नसल्यामुळे भारतीय कंपनीला स्पेनच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेत स्वतःची नोंदणी करून तेथील वर्गणी भरण्याची तयारी ठेवावी लागते. एका कर्मचाऱ्यासाठी एवढा व्याप किती कंपन्या करतील? म्हणूनच स्वतंत्र व्यावसायिक म्हणून परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्यांना हा मार्ग नोकरदारांपेक्षा सुकर जातो. त्यांना तेथे स्वयंरोजगारी म्हणून स्वतःच नोंदणी करता येते.

कराबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. वर्षातून १८३ दिवसांपेक्षा अधिक काळ राहिल्यास स्पेन तुम्हाला आपला करनिवासी, म्हणजे करासाठी तेथला रहिवासी, मानतो. पात्र व्यक्तींना सहा लाख युरोपर्यंतच्या कमाईवर २४ टक्के दराची विशेष सवलत मागता येते, पण तिचा अर्ज सामाजिक सुरक्षेत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. थायलंडमध्ये डीटीव्हीवर एका वेळी १८० दिवस राहता येते, आणि एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तेथील करनिवासही सुरू होतो. इकडे भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलेली व्यक्ती निवासी ठरतेच. शिवाय त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले तरीही ती निवासी ठरू शकते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला या दुसऱ्या कसोटीतून सवलत आहे, मात्र भारतातीलच कंपनीचे काम वालेन्सियातून करणे म्हणजे नोकरीसाठी देश सोडणे होय का, यावर वाद होऊ शकतो. आणि पगार पुण्यातल्याच बँक खात्यात जमा होत राहिला, तर तुम्ही अनिवासी ठरलात तरी तो भारतात मिळालेले उत्पन्न म्हणून येथे करपात्र धरला जाऊ शकतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार मदतीला येतो, परंतु तो आपोआप लागू होत नाही. करनिवासाचा दाखला आणि दोन्हीकडची विवरणपत्रे वेळेवर द्यावी लागतात.

म्हणून भाचीला मी कागदपत्रांचा क्रम बदलायला सांगितला. पासपोर्ट सेवेतून मिळणारा, गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलीस दाखला, त्यावरचे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणन, आणि मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर यांवर पैसा व वेळ दोन्ही जातात, आणि दाखला फार जुना झाला तर चालत नाही. पदवी प्रमाणपत्राला त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणनही लागते. यातले काहीही सुरू करण्यापूर्वी कंपनीच्या विधी विभागाकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत: परवानगीच्या पत्रात त्या देशाचे नाव घालणार का, आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी कोणत्या देशात भरणार. स्पेनमध्ये वर्गणी भरायला कंपनीने नकार दिला, तर पगार तेथील अधिक उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास पोर्तुगालचा, नाहीतर थायलंडचा विचार करता येतो, आणि तोपर्यंत अनुवादकाला एक रुपयाही दिलेला नसतो.