बाळंतपणाचा इन्शुरन्स स्वतःच काढायचा असेल तर लिमिट नंतर बघा, आधी तारीख बघा

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करताना आपण बाकी सगळा हिशोब करतो, लॅपटॉप, क्लायंट, सहा महिने पुरतील एवढे पैसे, पण हेल्थ इन्शुरन्स मात्र "घेऊ नंतर" मध्ये जातो, आणि त्यातला मॅटर्निटीचा भाग तर कोणाच्या डोक्यातही येत नाही कारण कंपनीत असताना तो आपोआप मिळत होता, कधी विचारायलाच लागला नव्हता. मी स्वतः फ्रीलान्स काम करते, ओळखीत अशाच बऱ्याच जणी आहेत, कोणी डिझायनर, कोणी सीए, कोणी क्लासेस घेणारी, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "मॅटर्निटी कव्हर असलेली कुठली पॉलिसी चांगली?" मला वाटतं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की बाळाचा विचार साधारण कधी आहे.

कारण सगळं येऊन अडतं वेटिंग पिरियडवर. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटी बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून असते. आपण स्वतः घेतलेल्या पॉलिसीत तसं नसतं, काही प्लॅनमध्ये नऊ महिने, काहींमध्ये दोन वर्षं, काहींमध्ये तीन-चार वर्षं थांबावं लागतं आणि त्याआधी डिलिव्हरी झाली तर एक रुपयाही मिळत नाही. कंपन्यांच्या बाजूने बघितलं तर कारण सरळ आहे, अपघात किंवा आजार सांगून येत नाही पण बाळंतपण बरेच जण ठरवून करतात, वेटिंग नसेल तर लोक दिवस गेल्यावर पॉलिसी घेतील, क्लेम घेतील आणि सोडून देतील. म्हणूनच प्रेग्नंट असताना नवीन पॉलिसी मागायला गेलात तर बहुतेक कंपन्या प्रपोजल डिलिव्हरीपर्यंत थांबवतात, किंवा पॉलिसी दिली तरी या बाळंतपणाचा खर्च त्यात येत नाही.

तर हिशोब उलटा करायचा. समजा दोन वर्षांनी चान्स घ्यायचा विचार आहे, म्हणजे डिलिव्हरी साधारण पावणेतीन वर्षांनी, मग दोन वर्षं वेटिंगवाला प्लॅन आरामात बसतो आणि तीन वर्षांचा थोडक्यात हुकतो. त्या थोडक्यासाठी कोणी आपलं आयुष्य पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं, पण आज पॉलिसी घेतली तर घड्याळ आजपासून सुरू होतं, हे नक्की. लग्न नुकतंच झालंय, अजून काही ठरलं नाही, अशा वेळी घेणं सगळ्यात फायद्याचं. आणि एक अट नीट वाचा, काही पॉलिसींमध्ये नवरा-बायको दोघंही त्याच पॉलिसीत सलग तेवढा काळ कव्हर्ड असावे लागतात, एकटीच्या नावावर पॉलिसी असेल तर मॅटर्निटीचा फायदाच लागू होत नाही. वेटिंग डिलिव्हरीच्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवं की गर्भ राहण्याच्या आधी, हेसुद्धा वर्डिंगमध्ये बघून घ्या, या एका ओळीने नऊ महिन्यांचा फरक पडतो.

आता एक गैरसमज जो मी सारखा ऐकते. "नॉर्मलचे पैसे नाही मिळाले तरी चालेल, पण इमर्जन्सी सिझर झालं तर साध्या पॉलिसीतून मिळेलच ना, ते ऑपरेशन आहे." नाही मिळत. आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, न मिळणाऱ्या गोष्टींची जी ठरावीक भाषा सगळ्या कंपन्यांना दिली आहे त्यात कोड १८ मॅटर्निटीचा आहे आणि त्यात गुंतागुंतीची डिलिव्हरी आणि सिझेरियन दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. गर्भपात झाला तर त्याचा खर्चही या न मिळणाऱ्या यादीतच येतो, फक्त तो अपघातामुळे झाला असेल तर वेगळी गोष्ट. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे नळीत वगैरे राहिला (एक्टोपिक), तर तो मात्र या न मिळणाऱ्या यादीतून (एक्सक्लुजनमधून) वगळलेला आहे, त्याचं ऑपरेशन साध्या पॉलिसीतून मिळू शकतं. वंध्यत्वाच्या उपचारांचा कोड वेगळा, १७, म्हणजे आयव्हीएफचा विचार असेल तर तो मॅटर्निटी कव्हरमध्ये धरून चालू नका. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींची मिळणारी पॉलिसी स्वस्त म्हणून बरेच जण घेतात, चांगली आहे, पण मॅटर्निटी तिच्यातही नाही.

बरं, कव्हर आहे म्हटल्यावर किती मिळणार? पॉलिसी दहा लाखांची असली तरी मॅटर्निटीला वेगळी मर्यादा असते, नॉर्मलला कमी, सिझरला थोडी जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी ती तुमच्या सम इन्शुअर्डवर, म्हणजे पॉलिसीच्या एकूण रकमेवर, अवलंबून. इथे गणित करून बघाच. समजा मॅटर्निटीमुळे प्रीमियम वर्षाला आठ हजारांनी वाढतोय, वेटिंग तीन वर्षांचं आहे आणि लिमिट पन्नास हजार. डिलिव्हरी चौथ्या वर्षात झाली तर तोपर्यंत चार प्रीमियम, म्हणजे ३२ हजार जास्तीचे गेले आणि मिळणार जास्तीत जास्त ५०. फायदा आहे, पण एजंट सांगतो तेवढा नाही, आणि वेटिंग चार वर्षांचं असेल तर पाच प्रीमियम म्हणजे ४० हजार, मग उरतं काय? तेच पैसे दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाकले तर? दुसऱ्या बाळाचाही विचार असेल तर गणित परत बदलतं, कारण साधारण दोन डिलिव्हरींपर्यंत फायदा असतो, पण काही प्लॅनमध्ये पहिल्या क्लेमनंतर पुन्हा वेटिंग लागतं. सिझरचा आकडा धरूनच गणित करा असं मी सांगेन. एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात साधारण २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, पण खासगी हॉस्पिटलमध्ये हे प्रमाण ४७.४ टक्के होतं, जवळजवळ निम्मं. ज्यांची डिलिव्हरी खासगीत होणार आहे त्यांनी नॉर्मलच्या पॅकेजवर बजेट बांधणं धोक्याचं आहे.

पण माझं खरं म्हणणं पुढचं आहे, आणि याच्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. बाळंतपणाचा खर्च मोठा असला तरी साधारण अंदाज असतो, हॉस्पिटलला विचारलं तर पॅकेज सांगतात, आठ-नऊ महिने हातात असतात. बाळाचा खर्च असा नसतो. बाळ वेळेआधी आलं, वजन कमी भरलं, कावीळ जास्त झाली, श्वासाचा त्रास झाला आणि एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये) ठेवावं लागलं तर बिल रोजच्या रोज वाढतं आणि किती दिवस हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. साध्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, बाळाला बहुतेक वेळा ९० दिवसांनंतरच घेतात. म्हणजे ज्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच बाळ उघडं. मॅटर्निटी असलेल्या प्लॅनचा सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो, की बऱ्याच ठिकाणी त्याच्यासोबत नवजात बाळाचं कव्हर पहिल्या दिवसापासून येतं. फक्त एक प्रश्न विचारायचा, हे कव्हर मॅटर्निटीच्या पन्नास हजारांतच बसवलंय की पूर्ण सम इन्शुअर्डमधून मिळतं? लिमिटच्या आतच असेल तर सिझर झाल्यावर बाळासाठी काहीच उरत नाही, आणि तो प्लॅन माझ्या यादीतून सरळ बाद. लिमिट ३५ हजारच असेल पण बाळाला दहा लाखांपर्यंत कव्हर असेल तर तो प्लॅन मी ७५ हजारवाल्याच्या वर ठेवीन. जन्मजात दोषांवरचे उपचार पहिल्या दिवसापासून आहेत का हेही त्याच दमात विचारून घ्या.

नवरा नोकरीत असेल तर आधी त्याच्या एचआरला विचारा, तिथे बायकोची मॅटर्निटी आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर्ड असेल तर स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी जास्तीचे पैसे भरायची गरज नाही, साधी चांगली पॉलिसी घ्या. पण स्वतःची पॉलिसीच न घेणं हे मला पटत नाही, त्याची नोकरी बदलली की ते कव्हर गेलं, आणि नवीन कंपनीत मॅटर्निटी असेलच असं नाही. तुम्ही स्वतः नोकरी सोडण्याच्या बेतात असाल तर ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे राजीनाम्याच्या आधी विचारा, नंतर नाही, आणि मॅटर्निटीच्या वेटिंगचं क्रेडिट मिळणार का, म्हणजे आधीचा काळ धरणार का, हे ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं "हो मॅडम मिळेल" धरू नका.

हॉस्पिटलचं सांगायचं तर आपल्याकडे पहिलं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी होतं, त्यामुळे कॅशलेसची यादी बघताना राहत्या शहराबरोबर माहेरच्या गावाचीही बघा, तिथलं मॅटर्निटी होम यादीत नसेल तर सगळे पैसे आधी भरून मग रिइम्बर्समेंटच्या मागे लागावं लागेल, तेही बाळ हातात असताना. रूम रेंटची मर्यादा असलेली पॉलिसी शक्यतो नकोच. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर फक्त रूमचा फरक कापत नाहीत, डॉक्टर, ओटी, नर्सिंग असे त्याला जोडलेले खर्चही त्या प्रमाणात कापतात. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याची व्हिजिट हे बहुतेक वेळा खिशातूनच जातं किंवा त्याच लिमिटमधून जातं.

प्रीमियमच्या बाबतीत एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. इन्कम टॅक्समधली ८०डी ची स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठीची २५ हजारांपर्यंतची वजावट मात्र फक्त जुन्या कर पद्धतीत मिळते, नवीन घेतली असेल तर विसरा, आणि प्रीमियम रोख भरला तर जुन्यातही मिळत नाही. आपलं उत्पन्न कधी आहे कधी नाही असं असल्यामुळे महिन्याचा हप्ता बरा वाटतो, पण त्यात ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता चुकल्यावर भरायची सवलत, फक्त १५ दिवसांचा, वार्षिक भरलं तर ३० दिवसांचा, आणि तो चुकला तर इतके दिवस काढलेलं वेटिंग पाण्यात. क्लायंटने पेमेंट लांबवलं म्हणून मॅटर्निटीचं घड्याळ शून्यावर येणं कोणालाच परवडणार नाही, म्हणून जमेल तर वर्षाचं एकदम भरा.

फॉर्म भरताना थायरॉईड, पीसीओडी, आधीचं सिझर, आधीचा गर्भपात, सगळं लिहा. एजंट म्हणाला "हे नको लिहायला" तरी लिहा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा त्या आजाराला वेटिंग लागेल, पण आता आधीपासूनच्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतं, आधी ४८ असायचं. लपवलं आणि नेमकं डिलिव्हरीच्या वेळी डिस्चार्ज पेपरवर "गेली सहा वर्षं थायरॉईडची गोळी चालू" असं आलं तर क्लेमही जाऊ शकतो आणि पॉलिसीही.

एक गोष्ट इन्शुरन्सच्या बाहेरची, पण हिशोबातली. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आपल्याला ती कोणी देत नाही, आणि मॅटर्निटी कव्हर हॉस्पिटलचं बिल भरतं, थांबलेलं काम भरून देत नाही. त्यामुळे सहा महिन्यांच्या खर्चाचं वेगळं खातं हवंच. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी अटींत बसणाऱ्यांना ५,००० रुपये मिळतात, बसत असाल तर नक्की घ्या. आणि सरकारी हॉस्पिटलचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांना सांगते, २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथे डिलिव्हरी मोफत आहे, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, सगळं धरून, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही. वेटिंग पूर्ण झालेलं नसेल आणि हातात पैसे नसतील तर कर्ज काढून खासगीत जाण्याआधी जवळचं चांगलं सरकारी हॉस्पिटल एकदा स्वतः जाऊन बघून या.

पॉलिसी पक्की करण्याआधी कंपनीला एकच ईमेल करा, त्यात विचारा: वेटिंग कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोजणार, दोघं पॉलिसीत असायला हवेत का, नॉर्मल आणि सिझरचं लिमिट किती, बाळ कुठल्या दिवसापासून आणि कुठल्या रकमेतून कव्हर्ड, आणि बाळाचं नाव घालायला जन्मानंतर किती दिवसांत कळवायचं. उत्तर आलं की ते पॉलिसीच्या पीडीएफसोबतच सेव्ह करा. पॉलिसी हातात आल्यावर सोबतचं कस्टमर इन्फर्मेशन शीट काढा, सगळे वेटिंग आणि सगळी लिमिट त्या दोन-तीन पानांत असतात आणि मागितलं तर ते मराठीतही द्यावं लागतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांना वाचता येईल. ईमेलमधलं उत्तर आणि शीटमधला आकडा जुळत नसेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, मेडिकल चेकअप, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांचा प्रीमियम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. ती ३० दिवसांची तारीख पॉलिसी आल्या दिवशीच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.