एपी क्रेडिट आणि कम्युनिटी कॉलेजवर मेडिकलचे प्रीरिक्विझिट – माझा अनुभव

नाशिकचे नातेवाईक अजून विचारतात की बारावीनंतर नीट देऊन सरळ एमबीबीएस का नाही केलंस. इथे कॅलिफोर्नियात बारावीनंतर सरळ मेडिकल नसतंच हो, आधी बहुधा चार वर्षांची डिग्री, तीही कशातलीही चालते, फक्त बहुतेक ठिकाणी बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट झालेलं लागतं आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री पण. यालाच प्रीरिक्विझिट म्हणतात.

माझी डिग्री कॉम्प्युटर सायन्सची. हायस्कूलमध्ये एपी, म्हणजे शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, केले होते, त्यात केमिस्ट्री आणि फिजिक्सला ५ पैकी ५ होते, युनिव्हर्सिटीने क्रेडिटही दिलेले. पण ते धरायचे की नाही हे प्रत्येक मेडिकल स्कूलचं वेगळं, कुणी अजिबात धरत नाही, कुणी म्हणतं त्याच विषयातला वरचा कोर्स कॉलेजात करून दाखवा. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचं एमएसएआर, म्हणजे मेडिकल स्कूलच्या माहितीची ऑनलाइन यादी, पैसे भरून घ्या, त्यात हे सगळं मेडिकल स्कूलनुसार असतं. शिवाय ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, एपी विषयवार आणि युनिटसकट (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप) दिसलं पाहिजे. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर एपीच्या युनिटची नुसती बेरीज होती, रजिस्ट्रारला मेल करून करून ते बदलून घेतलं.

खरा मुद्दा जीपीएचा, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचा. एएमकॅसमध्ये, म्हणजे बहुतेक मेडिकल स्कूलसाठीच्या सामायिक अर्जात, एपीला ग्रेडच नसते, आणि सायन्स जीपीए निघतो तो बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथचा, कॉम्प्युटर सायन्स त्यात धरत नाहीत! म्हणजे एपीवर भागवलं असतं तर माझा सायन्स जीपीए चारदोन मॅथच्या कोर्सवर उभा राहिला असता. म्हणून फिजिक्सला एपी ठेवलं आणि केमिस्ट्री पहिल्यापासून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, केली, बायोलॉजी आणि ऑरगॅनिक पण तिथेच.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना तिथे युनिटला ४६ डॉलर, म्हणजे लॅबवाला पाच युनिटचा कोर्स २३० मध्ये, वर किरकोळ फी. अडचण सीट मिळण्याची. आधीच डिग्री असेल तर रजिस्ट्रेशनला नंबर मागे लागतो आणि लॅब तोवर फुल. वेटलिस्टवर नाव टाकायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन चक्क मागे उभं राहायचं, जे येत नाहीत त्यांची नावं कापतात आणि प्रोफेसर अ‍ॅड कोड देतात, तो वापरून कोर्सला नाव घालायचं. शिकवणं मात्र झकास, संध्याकाळच्या लॅबला टीए (शिकवायला मदत करणारे विद्यार्थी) नाही, प्रोफेसर स्वतः, बरोबरचे अर्धे नर्सिंगला जाणारे आणि दिवसभर नोकरी करून आलेले.

बायोकेमिस्ट्री वरच्या लेव्हलची असल्याने तिथे नव्हती, ती एका युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनमधून, म्हणजे बाहेरच्यांसाठी कोर्स चालवणाऱ्या विभागातून, केली. आणि हो, एकच कोर्स केला असला तरी त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट एएमकॅसला पाठवावंच लागतं.

फिजिक्स एपीवरच ठेवलं होतं, मग त्याच्या लॅबचं काय हे मला अर्ज करायच्या मेडिकल स्कूलच्या यादीतल्या शाळांना मेलवरच विचारलं, फोनवर नाही, लेखी उत्तर हातात असलेलं बरं. बहुतेकांनी चालेल म्हटलं, एकीने लॅब कॉलेजातच करा म्हणून कळवलं. तिला यादीतून काढलं, एका लॅबसाठी अजून एक सेमिस्टर घालवायची माझी तयारी नाही.