बुटाचं वय जिभेखाली लिहिलेलं असतं

दुरुस्तीच्या काउंटरवर तिसऱ्यांदा "सर, हे नॉर्मल वेअर अँड टेअर आहे" ऐकलं, तेव्हा मी बुटाची जीभ उलटली आणि आत शिवलेलं पांढरं लेबल त्यांच्यासमोर धरलं. त्यावर बूट बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं होतं. माझं बिल अकरा महिन्यांपूर्वीचं, बूट मात्र साडेपाच वर्षांपूर्वीचा. हे लेबल पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर ४७ दिवस वाया गेले नसते. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

बूट होते चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खास सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांसाठी घेतलेले. कात्रज ते सिंहगड करताना तिसऱ्या टेकडीच्या उतारावर उजव्या टाचेचा सोल लटकायला लागला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर खालचं रबर धडधाकट. ग्रिपचे दात नवे असताना ५ मिलिमीटर होते, ते अजून ४ मिलिमीटर शिल्लक. गेला होता तो मधला थर, म्हणजे मिडसोल. बोट लावलं की ओल्या गुळासारखा चिकट चुरा हातात येत होता.

हा मिडसोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयू फोमचा असतो. टिकाऊ बुटात तो मुद्दाम घालतात, कारण ओझं घेऊन चाललं तरी तो लवकर दबून बसत नाही. पण हवेतला ओलावा आणि उष्णता मिळून त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडत राहतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरा नाहीतर खोक्यात ठेवा, ही क्रिया चालूच राहते. साधारण पाच ते दहा वर्षांत फोम संपतो, आणि दमट गोदामात बंद खोक्यात पडून असेल तर आणखी लवकर. म्हणून बुटाचं वय बिलावरून मोजायचं नाही.

आता काउंटरची गोष्ट. ऑनलाइन फॉर्ममध्ये तक्रारीचे चारच पर्याय होते: सोल सुटला, शिलाई उसवली, रंग गेला, इतर. मी "सोल सुटला" निवडलं आणि तिथेच चुकलं. त्यांनी तो गोंदाचा दोष धरला, १९ दिवसांनी सोल चिकटवून बूट परत दिले आणि पहिल्याच चालीत टाच पुन्हा उघडली. उघडणारच होती, कारण गोंद चुऱ्याला धरतो आणि चुरा बुटाला धरत नाही. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं की एकदा दुरुस्ती झाली, आता क्लेम बसत नाही. त्या वेळी माझ्याकडे नेमके शब्द नव्हते, त्यामुळे परत यावं लागलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर सोल कसा सुटलाय ते आधी नीट पाहा. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ असतील तर गोंद सुटलाय. तो पुन्हा चिकटतो, चांगला चिकटतो. एकाच जागी फाटकी, वेडीवाकडी कड असेल तर दगडानं कापलंय, तो वापर झाला. आणि दोन्ही बाजूंना फोमचा चुरा चिकटलेला असेल तर मिडसोल मेलाय. त्याला गोंद लावूच द्यायचा नाही. फॉर्ममध्ये "इतर" निवडा आणि "मिडसोलच्या फोमचा चुरा झाला आहे" असं स्पष्ट लिहा. जॉब शीटवरही हेच वाक्य लिहून घ्या, त्यांनी "सोल ओपन" एवढंच लिहिलं तर सही करू नका. खरी झीज दातांवर दिसते, पंजाखाली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला. दातांशेजारी पट्टी धरून फोटो काढला की झिजेचा मुद्दा तिथेच संपतो.

तिसऱ्या खेपेनंतर मी लेखी तक्रार केली. चार ओळींचा मेल आणि तीन फोटो: लेबल, बिल, पट्टीसकट दात. शेवटी लिहिलं की आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवीन. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती निकाल देत नाही, पण तक्रार नोंदवून कंपनीपर्यंत पोचवते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि वस्तूसाठी ५ लाखांपर्यंत पैसे मोजलेले असतील तर शुल्क पडत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही. सातव्या दिवशी पूर्ण रक्कम परत आली. त्या दिवशी खरंच हायसं वाटलं. पण जो माणूस लेबल उलटून पाहत नाही, त्याचे पैसे बुडतातच, हे डोक्यातून जात नाही.

मग नवा जोड निवडताना सगळ्यात आधी जीभ उलटली. दुकानदार खोक्यावरचा महिना दाखवतात, पण आयात मालाच्या जुन्या खोक्यांवर तो कधी कधी आयातीचा असतो. लेबलवरची तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर पीयू मिडसोलचा बूट मी घेत नाही, कितीही सूट असो. मोठ्या सवलतीत निघणारा माल पुष्कळदा असाच पडून राहिलेला असतो. मिडसोलसाठी वापरला जाणारा दुसरा फोम म्हणजे ईव्हीए, त्याला हायड्रोलिसिसचा हा त्रास नाही. तो लवकर दबतो, वर्षा-दोन वर्षांच्या कडक वापरात टाचेखाली बसतो, पण डोंगरात अचानक दगा देत नाही. मी या वेळी ईव्हीए घेतला.

सोलवर व्हिब्राम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा पिवळा अष्टकोन दिसला की लोक निर्धास्त होतात. इटलीच्या विताले ब्रामानींनी १९३५ मध्ये आल्प्समधल्या एका चढाईत सहा सोबती गमावले आणि त्यानंतर १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल आणला. रबर उत्तमच असतं. पण तो शिक्का खालच्या रबराचा, मधल्या फोमचं वय त्यावरून कळत नाही.

दुकानात बूट दोन्ही हातांनी धरून पिळा, ओला टॉवेल पिळतो तसा. सहज पिळला गेला तर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या धोंड्यांत पाय मुरगळणार. पुढून दाबला तर तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्यात नाही. टाचेची वाटी अंगठ्यानं दाबून पाहा, ती दबता कामा नये. रबरात नख रुतवा: खूण उमटून हळूहळू भरून आली तर ओल्या कातळावर पकड चांगली मिळेल, पण झीजही लवकर होईल. नख अजिबात रुतलं नाही तर रबर वर्षानुवर्षं टिकेल, फक्त पावसात शेवाळलेल्या बसाल्टवर भरवसा ठेवू नका. मी मऊ रबर निवडतो. दातांपेक्षा मणका महाग आहे.

वॉटरप्रूफ पडद्याचा, म्हणजे आत पाणी अडवणारा पातळ थर असलेला बूट आपल्या पावसाळ्यात मला पटत नाही. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि त्याच पडद्यामुळे बाहेर पडत नाही, दोन दिवस बूट वाळत नाही. हिमालयातल्या बर्फात गोष्ट वेगळी.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा किंचित सुजलेला असतो. ट्रेकचेच मोजे घाला. आतली गादी काढून त्यावर उभं राहा, अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटली पाहिजे. कमी सुटली तर उतारावर नखं काळी पडतात.

बाजूनं शिलाई मारावी का, हे बरेच जण विचारतात. सोलची कड भिंतीसारखी वर चढलेली असेल तरच. गादी काढून, आरीनं, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं, रबराच्या भिंतीतून टाका घ्यायला सांगा. माझ्या जुन्या कॅनव्हासच्या जोडाला ३०० रुपये पडले आणि तो अजून चालतोय. सपाट ईव्हीएवर शिलाई मारली तर दोरा फोम कापत जातो, आणि पडद्याच्या बुटाला भोकं पडली की वॉटरप्रूफपणा गेला.

वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे, सावली आणि वारा पुरे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बूट ठेवू नका, उष्णतेनं गोंद मऊ पडतो.

आणि लेबलचा फोटो घरी आल्याबरोबर, बिल शेजारी ठेवून काढा. घाम आणि घर्षणानं ती छपाई पुसते. माझ्या उजव्या बुटाचं लेबल तोवर कोरं झालं होतं, तारीख डाव्या बुटावर वाचता आली.