तीन वर्षांत दीडशे तास: इलिनॉयमध्ये कायरोप्रॅक्टरचं लायसन्स टिकवताना

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात माझ्यासारख्या कायरोप्रॅक्टरचं (पाठीच्या कण्यावर आणि सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याचं) लायसन्स दर तीन वर्षांनी ३१ जुलैला संपतं. ते पुढे चालू ठेवायचं तर आधीच्या ३६ महिन्यांत १५० तासांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. सांगलीत ऑर्थोपेडिक सर्जन असलेल्या माझ्या मामेभावाला हा आकडा सांगितला तर तो फोनवरच ओरडला, "दीडशे? अगं, आम्हाला पाच वर्षांत तीस पॉइंट जमवताना नाकीनऊ येतात!" महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा हिशोब तो सांगत होता. त्याच्या मते मी जे करते ते हाडवैद्याचं काम, त्यामुळे हाडवैद्याला सर्जनपेक्षा जास्त अभ्यास कशाला, हा त्याचा खरा प्रश्न. तो त्याने विचारला नाही, पण मला ऐकू आला.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा. शेजारच्या आयोवात, जिथे डी. डी. पामर यांनी १८९५ साली डेव्हनपोर्ट गावात या विद्येची सुरुवात केली, तिथे दोन वर्षांत ६० तास. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६. इलिनॉयचा आकडा एवढा फुगलेला असण्याचं कारण कायद्यात आहे. इथे एमडी (नेहमीचे अ‍ॅलोपॅथी डॉक्टर), डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) आणि आम्ही डीसी (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक), सगळे एकाच मेडिकल प्रॅक्टिस अ‍ॅक्टखाली येतो. कायद्याच्या लेखी आम्ही 'कायरोप्रॅक्टिक फिजिशियन'. औषध लिहायचं नाही, शस्त्रक्रिया करायची नाही, पण अभ्यासाचे तास मात्र एमडीइतकेच. मानाचं पान वाढलं, सोबत गृहपाठही वाढून ठेवला.

मी पुण्यात बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केली, लग्नानंतर शिकागोला आले आणि लोम्बार्डच्या नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेसमधून डीसी झाले. इथे लिहितेय ते २०२३ च्या रिन्यूअलबद्दल, कारण त्या खेपेला ऑडिटमध्ये, म्हणजे तासांचे पुरावे तपासण्यासाठी, माझं नाव निघालं.

दीडशेपैकी किमान ६० तास मान्यताप्राप्त संस्थेचे, हजेरी आणि सर्टिफिकेटसकट असावे लागतात. उरलेले ९० अनौपचारिक चालतात: जर्नल वाचन, विद्यार्थ्यांना शिकवणं, दुसऱ्या डॉक्टरशी केसवर चर्चा. लोक साठ तासांची धास्ती घेतात. मला विचाराल तर अवघड आहेत ते नव्वद. साठ तासांचे पैसे भरले, बसलात, कागद मिळाला, संपलं. नव्वद तासांचा कागद तुम्हीच तयार करायचा असतो. मी एक साधी वही केली होती. तारीख, काय वाचलं, किती वेळ, आणि एका ओळीत त्यातून काय मिळालं. शेवटचा रकाना कुणी मागितला नव्हता, पण तो नसता तर वहीवर माझाच विश्वास बसला नसता. रात्री साडेदहाला डोळे मिटत असताना चाळलेला लेख हा अर्धा तास धरायचा की नाही, हे ठरवायला त्या रकान्याचा चांगला उपयोग झाला. ओळ सुचली नाही तर तास नाही.

माझी मुदत ऑगस्ट २०२० पासून सुरू झाली, म्हणजे ऐन कोविडात. पहिले कितीतरी तास झूमवरच गेले. ऑनलाइन वर्गात मध्येच एक खिडकी उघडते, 'आपण आहात ना?' आणि ठरावीक वेळात बटण दाबलं नाही तर हजेरी जाते. ही खिडकी आणि आमचा कुकर, दोघांचं काहीतरी साटंलोटं असावं. शिट्टी झाली की खिडकी आलीच.

काही तास सक्तीचे असतात. लैंगिक छळ प्रतिबंध आधीपासून होता, लहान मुलांच्या छळाची खबर देण्याबाबतचं प्रशिक्षण होतं. २०२३ ला आणखी दोनांची भर पडली: मनातल्या नकळत पूर्वग्रहांबद्दल एक तास आणि अल्झायमर व डिमेन्शियाबद्दल एक तास. पूर्वग्रहाचा तास मला सपक वाटला, स्लाइडवर स्लाइड. डिमेन्शियाचा मात्र कामाचा निघाला. दुखणं एक ते दहामध्ये किती, हा आमचा रोजचा प्रश्न अशा पेशंटला विचारून उपयोग नसतो. कुशीवर वळताना कपाळाला आठी पडते का, हात घट्ट आवळला जातो का, ते बघायचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कुणीतरी समोर मांडून दाखवल्याशिवाय हात तिकडे वळत नाही.

ज्या वर्गाला मी सर्वांत कंटाळत गेले तो नोंदी लिहिण्याचा. ओहेअर विमानतळाजवळ एका हॉटेलच्या हॉलमध्ये, जानेवारीतला शनिवार, बाहेर बर्फ, आत पातळ कॉफी. विषय मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपुढच्यांसाठीचा केंद्र सरकारचा विमा. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला फक्त एकाच गोष्टीचे पैसे देतं: पाठीच्या कण्यावर हाताने केलेल्या उपचाराचे. तपासणीचे नाहीत, एक्सरेचे नाहीत, मसाजचे नाहीत. आणि तेही पेशंट सुधारत असेल तोवरच. दुखणं आहे तिथेच थांबलंय, नुसतं 'बरं वाटतं' म्हणून येत असेल तर तो खर्च पेशंटचा.

शिकवणाऱ्या बाईंनी नावं झाकलेल्या एका फाइलची पानं पडद्यावर लावली. पहिल्या भेटीला लिहिलं होतं, 'कंबर दुखते. उपचार केला. पेशंटला बरं वाटलं.' दुसऱ्या भेटीला तेच. तिसऱ्यालाही. स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. हॉलमध्ये हशा पिकला, आणि मग हळूहळू थांबला, कारण कॉपी-पेस्ट कुणी केलेलं नसतं? मग त्यांनी चार मुद्दे फळ्यावर लिहिले: दुखणं, विषमता (कण्याच्या ठेवणीतली), हालचालीचा पल्ला, स्नायू-ऊतींचा ताण. प्रत्यक्ष तपासणीत यातले किमान दोन नोंदवलेले हवेत, आणि त्यात एक तरी विषमता किंवा हालचाल असायलाच हवं. नुसतं 'दुखतं' आणि 'स्नायू कडक' लिहून भागत नाही.

नियम मला आधीही माहीत होता. पण त्या दिवसानंतर मी टेबलापाशीच, पेशंट उठायच्या आत, मान डावीकडे किती वळते ते अंशात लिहायला लागले. आणि ते लिहायचं म्हणून मोजायला लागले. आधी मी अंदाजाने 'कमी' म्हणायचे. आता आकडा दर भेटीला समोर असतो आणि तो तीन आठवडे हलला नाही तर माझं काहीतरी चुकतंय किंवा हे दुखणं माझं नाही, हे झाकता येत नाही. विम्यासाठी केलेल्या नियमाने उपचार सुधारावा, हे मला अजून थोडं विचित्र वाटतं.

दुसरा वर्ग मानेचा. आमच्या धंद्यात जो प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात तोच: मान वाजवल्याने पक्षाघात होतो का? मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं, म्हणजे रक्तवाहिनीचं, आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. कॉलेजात आम्हाला धोक्याच्या खुणांची यादी पाठ करायला लावली होती: चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना अडकणं, पायांतलं बळ जाऊन अचानक खाली पडणं, तोल जाणं, मळमळ, बधिरपणा, बुबुळांची थरथर. वर्ग घेणाऱ्या सरांनी ती यादी पडद्यावर आणली आणि म्हणाले, हिच्यावर विसंबून राहू नका. सुरुवातीला अशा पेशंटला नुसती मानदुखी आणि डोकेदुखी असते. म्हणूनच तो तुमच्याकडे येतो.

याच संदर्भात त्यांनी कॅनडातल्या ओंटारिओचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास समजावून सांगितला. त्यात अशा स्ट्रोकचे ८१८ पेशंट होते. तरुण वयोगटात स्ट्रोकआधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेले जसे जास्त आढळले, तसेच साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आलेलेही. अभ्यासकांनी अर्थ काढला की रोहिणी बहुधा आधीच फाटलेली असते आणि तिच्या दुखण्यापायी माणूस कुणाकडे तरी जातो. आमच्यातले बरेच जण हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात. सर म्हणाले, ढाल कसली? फाटलेली रोहिणी घेऊन माणूस तुमच्या टेबलावर येतो हेच तर यात सिद्ध होतं. अशा मानेला तुम्ही झटका देणार का? हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मला तो युक्तिवाद पटला आणि अजूनही पटतो.

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर मानदुखीचा पहिला प्रश्न आहे: 'अशी मान किंवा असं डोकं आयुष्यात पूर्वी कधी दुखलं होतं का?' उत्तर 'नाही, हे काहीतरी वेगळंच आहे' असं आलं, आणि दुखणं अचानक सुरू झालेलं असेल, तर त्या दिवशी मानेला हात नाही. नाडी, रक्तदाब, डोळे, चेहरा बघायचा आणि गरज वाटली तर थेट इमर्जन्सी. एक पापणी किंचित उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली तर मग चर्चाच नाही.

लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या नागपूरच्या एका आजींना हा सगळा खटाटोप मुळीच रुचला नाही. "तू मान कटकन वाजव ना गं, आमच्याकडे न्हावीसुद्धा वाजवतो."

"वाजवीन, आजी. आधी सांगा, चक्कर येते का?"

"येते की. बीपीची."

"कधीपासून?"

"तू डॉक्टर आहेस का पोलीस?"

त्या दिवशी मी त्यांची मान वाजवली नाही. बीपी खरंच बरंच वाढलेलं होतं, गोळ्या भारतातून आणलेल्या संपल्या होत्या आणि लेकीला सांगितलं नव्हतं. त्यांना आधी फॅमिली डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांशी फोनवर झालेलं बोलणं मी वहीत लिहिलं, केसवरची चर्चा म्हणून. तो वेळ नव्वदांत धरला गेला.

नीतिशास्त्राच्या तासाला विल्क खटला येणार हे ठरलेलंच, निदान शिकागोत तरी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने एके काळी आम्हाला अशास्त्रीय ठरवून आपल्या डॉक्टरांना आमच्याशी व्यवहार ठेवणं अनैतिक म्हटलं होतं. चेस्टर विल्क आणि आणखी काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ साली इथल्याच फेडरल कोर्टात दावा लावला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला. आज ऑर्थोपेडिक डॉक्टर मला पेशंट पाठवतात त्याची मुळं तिथे आहेत. मात्र निकाल बहिष्काराबद्दल होता, आमची प्रत्येक पद्धत शास्त्रीय असल्याचा दाखला कोर्टाने दिलेला नाही. आमचे काही वक्ते ही ओळ सोयीने गाळतात. परिषदांतही तेच दिसतं: एका दालनात उत्तम न्यूरॉलॉजी, शेजारच्या दालनात महिन्याला पेशंट दुप्पट कसे करावेत. दुसऱ्या दालनात चहा चांगला असतो, एवढं मात्र खरं.

जुलै २०२३ मध्ये राज्याच्या पोर्टलवर रिन्यूअल केलं. तिथे सर्टिफिकेटं मागत नाहीत. तास पूर्ण केलेत का, हो म्हणा, फी भरा. खरं काम पुढे, ऑडिटचं पत्र आल्यावर. पत्र कोरडं असतं: अमुक मुदतीतले पुरावे अमुक तारखेपर्यंत सादर करा.

माझ्या फाइलमध्ये सगळं होतं, फक्त एका संस्थेची सर्टिफिकेटं वेगळ्याच बाईची होती. लायसन्सवर माझं पासपोर्टचं नाव आहे: माझं, मध्ये वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. फी नवऱ्याच्या आणि माझ्या सामाईक कार्डाने गेली होती आणि संस्थेच्या संगणकाने कार्डावरचं सासरचं आडनाव उचललं. मी नोंदणी बरोबर केली होती हे ईमेलमध्ये दिसत होतं, तरी दुरुस्त प्रत मिळायला बराच पाठपुरावा लागला. फोनवरची मुलगी भली होती, पण तिची गाडी मधल्या नावाशीच अडायची. "हे तर पुरुषाचं नाव आहे ना? मग नवऱ्याचं का?" मी म्हटलं, वडिलांचं. "आणि नवऱ्याचं?" ते दुसऱ्या कार्डावर आहे, बाई.

दुरुस्त प्रती आल्या, वहीची पानं स्कॅन केली आणि सगळं पाठवून दिलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं की पूर्तता झाली आहे. दोन ओळी.

आमच्या मंडळातली नाशिकची एक मुलगी यंदा डीसी होतेय. तिने विचारलं, ताई, दीडशे तास कसे गं काढायचे? मी सांगितलं, वर्षाला पन्नास धर, शेवटच्या उन्हाळ्यावर काही ठेवू नकोस. सक्तीचे एकेक तास पहिल्याच वर्षी उरकू नकोस, मध्येच नवा नियम येतो. मोठा कोर्स घ्यायचा तर ज्याची भीती वाटते त्या विषयाचा घे. आणि सर्टिफिकेट हातात पडलं की त्याच दिवशी नाव वाच, अक्षर न् अक्षर. तिचं मधलं नावही वडिलांचंच आहे आणि डिसेंबरात तिचं लग्न आहे.