अंगठा

रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि मी जागी आहे, कारण ताईचा अंगठा. असं लिहिल्यावर माझं मलाच वेडगळ वाटतंय, पण दुपारपासून डोक्यातून जात नाहीये तर काय करू.

झालं एवढंच. जेवणं आटोपून सगळे पसरलो होतो आणि नेहमीसारखे फोन इकडून तिकडे फिरायला लागले, कुणी काय नवीन काढलंय ते बघायला. माझा फोन ताईच्या हातात गेला. कोळ्याचा फोटो मी उघडाच ठेवला होता, मुद्दाम, खोटं कशाला बोलू. ताईने बघितलं, अगदी पाव सेकंद, आणि मग तिचा अंगठा हळूच सरकला आणि बरोब्बर कोळ्यावर जाऊन बसला. आणि म्हणाली, "अगं किती सुंदर आलंय हे मागचं पान! काय हिरवा आहे!" मला वाटलं चुकून झालं असेल, म्हणून मी फोन आडवा करून दिला, फोटो मोठा झाला, कोळी सरकला, तर अंगठाही सरकला त्याच्या मागे. परत त्याच्यावर. आणि तोंडाने चालूच, छानच गं, मस्तच गं.

पुढचा फोटो ठमीचा, आमच्या मांजरीचा. भाच्याने काढलेला. जांभई देतेय, अर्धा अंधार, हललेला, एक कान फ्रेमच्या बाहेर. तर तोच अंगठा, तोच, आणि शेजारचं बोट, अशा दोघांनी मिळून ताईने तो फोटो ताणून ताणून मोठा केला, पार सुळ्यांपर्यंत गेली, "अगं बाई, जीभ बघा हिची!" मग फोन भाऊजींकडे, भाऊजींकडून काकूंकडे, आणि पंधरा मिनिटांनी माझा मला परत मिळाला तेव्हा स्क्रीनवर ठमीच होती.

"ई" म्हणाली असती तर चाललं असतं. "ई"ची मला सवय आहे. "शी, हे काय काढत बसतेस" याचीपण आहे. काकूंनी एकदा विचारलं होतं मेलेला आहे का, तेव्हा उलट मला आनंदच झाला होता, कारण मग सांगता आलं की मेलेला कोळी असा ऐटीत उभा नसतो, त्याचे पाय पोटाशी दुमडतात, कारण पायाच्या मोठ्या सांध्यांमध्ये पाय ताठ करणारे स्नायूच नसतात त्याला, आतल्या द्रवाच्या दाबावर पाय लांब होतात, तो दाब गेला की आकसले. हाच दाब एकदम वाढवून तो उडीपण मारतो. काकूंनी "हो का" म्हणून विषय बदलला, पण निदान बोलणं तरी झालं. अंगठ्याला काय उत्तर द्यायचं?

आणि ताईला काय माहीत त्या फोटोत काय होतं.

तो कोळी इथलाच, खिडकीच्या चौकटीतला. जाळंबिळं न करणारा, उड्या मारत शिकार करणारा, तो जंपर. सहा मिलीमीटर, पायासकट जरा जास्त. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून काढायच्या भिंगाने, एकास एक काढला म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरपण तो सहा मिलीमीटरच पडतो, आणि सेन्सर छत्तीस मिलीमीटर रुंद, म्हणजे एवढं करून फ्रेमच्या सहाव्या भागात कोळी आणि बाकी सगळी चौकट. आणखी जवळ जायचं तर फोकसची जाडी उरत नाही. एकास एकला लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ ठेवलं तरी सव्वा मिलीमीटरच्या आसपास काय ते स्पष्ट येतं. दोन-तीन नखं एकावर एक ठेवल्यासारखं. डोळे धरले तर पाय गेले, पाय धरले तर डोळे गेले. त्यात फोकस रिंग फिरवून उपयोग नाही, आपणच श्वास रोखून केसभर पुढेमागे डुलायचं आणि डुलता डुलता बटण दाबत राहायचं. अशा सतरा सकाळी. फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून मागचं सगळं काळं येतं, ते टाळायला कपाटात जे हिरवं हाताला लागलं ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं. फ्लॅशपुढे प्लास्टिकचा डबा कापून त्याला टिश्यू चिकटवलेला. घरात कुणी विचारलं तर मी कामात आहे.

आणि मग त्याचे डोळे. आठ असतात, पण पुढचे मधले दोन मोठे, गाडीच्या दिव्यांसारखे. त्यांची भिंगं डोक्यात पक्की बसवलेली, हलत नाहीत. हलतो तो आतला पडदा, एका लांब नळीच्या टोकाला असतो, नळी आतल्या आत वळते आणि बाहेरून बघताना डोळ्याचा रंग बदलल्यासारखा वाटतो, आत्ता मधासारखा, आत्ता अर्धा काळा. पूर्ण काळा कधी दिसतो, तर नळीचं तोंड थेट आपल्याकडे असतं तेव्हा. म्हणजे तो आपल्याकडेच बघत असतो तेव्हा.

तीनशे बारा फोटोंमध्ये एकात दोन्ही डोळे काळेकुळकुळीत आलेत. एका फोटोत. मी वीतभर अंतरावर श्वास रोखून, आणि तो सहा मिलीमीटरचा प्राणी मान जरा वर करून सरळ माझ्याकडे बघतोय. मी ते स्क्रीनवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा आईला हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. असो.

तर त्या दोन डोळ्यांवर अंगठा.

काही लोक कोळ्याला फ्रीजमध्ये ठेवतात थोडा वेळ, म्हणजे गारठून हलत नाही, मग आरामात पन्नास फ्रेम घेऊन एकावर एक जोडतात आणि पायाच्या नखापासून पाठीपर्यंत सगळं लख्ख. मला नाही पटत. तो फोटो लख्ख असतो पण त्यातला कोळी कुणाकडेच बघत नसतो. हे ताईला सांगायचं होतं मला दुपारी. कोण ऐकतंय, सगळे ठमीची जीभ मोजत होते.

मांजराला काहीच करावं लागत नाही हो. फोटो हलू दे, अंधारात येऊ दे, नुसती शेपूट येऊ दे, मांजर ते मांजरच. मघाशी चिडून हेच शोधत बसले होते की हे लोकांना कधीपासून लागलंय, तर इंग्लंडमध्ये ब्रायटनला हॅरी पॉइंटर म्हणून एक फोटोग्राफर होता, त्याने १८७० च्या दशकात मांजरांना किटलीशेजारी बसव, तीनचाकीवर बसव असले फोटो काढायला घेतले, खाली शुभेच्छा लिहून विकायचा, १८८४ पर्यंत दोनशेच्या आसपास झाले होते म्हणे. फोनबिन काही नसताना! आणि १८९४ मध्ये एतिएन-ज्युल मारेने, तो फ्रेंच शास्त्रज्ञ, हालचालींचे फोटो काढायचा, त्याने मांजर उलटं धरून सोडलं आणि ते हवेत वळून चार पायांवर कसं उतरतं ते टप्प्याटप्प्याने टिपलं. म्हणजे शास्त्रज्ञपण शेवटी मांजराकडेच. दीडशे वर्षांचं दुखणं आहे हे, माझ्या ताईचा काय दोष.

आणि माझं ठमीशी भांडण आहे अशातलाही भाग नाही. मी तिचे प्रयत्न केलेत ना. नीट, खिडकीचा उजेड घेऊन, जमिनीवर पालथी पडून. ती लेन्स दिसली की सरळ चालत येते आणि काचेला नाक लावते. मांजराला अगदी जवळचं, वीत-सव्वा वीतभरातलं, धड स्पष्ट दिसतच नाही, म्हणून मिशा पुढे करून चाचपते. म्हणजे बघा, घरभर जिचं कौतुक ती माझ्या लेन्ससमोर येऊन मिशांनी आंधळी कोशिंबीर खेळते आणि तेवढ्याच अंतरावरून तो टाचणीच्या डोक्याएवढं डोकं असलेला मला नीट निरखतो. माझ्याकडे ठमीचे जेवढे फोटो आहेत त्यातल्या निम्म्यांत नाकाचा धूसर डाग आहे. उरलेल्यांत ती निघून गेलेली आहे. भाच्याने झोपल्या झोपल्या एका हाताने काढलेला तो जांभईचा फोटो मला कधीच काढता आला नसता, हे मला माहितीये आणि ते मी इथे लिहिलं म्हणून कुणी त्याला सांगू नये.

पण मुद्दा मांजराचा नाहीच. परत परत तिथेच येतेय मी. मला नक्की काय हवं होतं ताईकडून? कोळी आवडायला हवा होता? तिला? जिला आंघोळीला जायच्या आधी मी आत जाऊन कोपरे बघून यायचे? तिने शाळेत असताना पुस्तकात कोळ्याचं चित्र होतं ते पान शेजारच्या पानाला डिंकाने चिकटवून टाकलं होतं, कारण उलटताना बोट लागेल. चित्राला! छापलेल्या चित्राला! आणि परीक्षेत नेमका त्याच चिकटलेल्या पानावरचा प्रश्न आला, आणि त्यावरून घरात जे झालं ते झालं. घरात कोळी निघाला की ती पलंगावर आणि मी ग्लास आणि पोस्टकार्ड घेऊन खाली. मी सात वर्षांची. ग्लास पालथा घालायचा, खालून कार्ड सरकवायचं, आणि दारापर्यंत जाताना त्या काचेतून जवळून बघत जायचं, पायावरचे केस, पोटावरची नक्षी. ताई पलंगावरून ओरडायची, "गेला का? गेला का?" आणि मी मुद्दाम सावकाश चालायचे. म्हणजे तशी सुरुवात तिच्यामुळेच... जाऊ दे, तिला सांगितलं तर डोक्यावर बसेल.

आणि आत्ता हे पोस्टकार्डाचं लिहिता लिहिता माझा हात थांबला.

ती चित्राला बोट लागू द्यायची नाही.

आज तिने फोन परत दिला असता की. भाऊजींकडे सरकवला असता, "मला नको दाखवू गं" म्हणाली असती, याआधी शंभरदा म्हणालीये. नाही म्हणाली. तिला माहीत होतं मी गेले तीन आठवडे काय करतेय, सकाळी फोन केला की मी कुजबुजत बोलते आणि लगेच ठेवते, तिने दोनदा विचारलंपण होतं की झालं का मनासारखं. आणि मग तिने काय केलं तर अंगठा ठेवला. थेट त्याच्यावर. फोन आडवा केल्यावर तो आणखी मोठा झाला, चांगला लिंबाएवढा झाला असेल स्क्रीनवर, तरी शोधून परत त्याच्यावर ठेवला. आणि ठेवून धरला. आणि मग उरलेल्या फोटोत कौतुक करण्यासारखं काय आहे ते बघायला लागली, तर काय होतं तिथे, नुसता हिरवा.

मी दुपारपासून समजतेय की तिने त्याला झाकलं. म्हणजे झाकलंच. पण म्हणजे तिने त्याला हात लावला की. ताईने. कोळ्याला. आणि हे मला पावणेबारा वाजता, एकटीला, कळतंय, तेव्हा तिथे बसून मी तोंड पाडून सरबराई करत होते आणि सगळ्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय. काकूंनी बाम दिला. मी लावला.

हसू येतंय आता, बामाचा वास अजून येतोय.

आणि तसं बघायला गेलं तर मी काय वेगळं करते? मघाशी तोच फोटो मोठा करून बघत होते, अगदी डोळ्यांपर्यंत, जिथून अंगठा गेला होता तिथपर्यंत, तर त्या दोन काळ्या डोळ्यांत दोन पांढरे चौकोन आहेत. मी एवढे दिवस सगळ्यांना सांगतेय की तो माझ्याकडे बघतोय. त्याच्या डोळ्यात मी नाहीचे. माझा डबा आहे. टिश्यू लावलेला. एका कोपऱ्यात टिश्यू उचकटलाय तोपण दिसतोय.

उठून टॉर्च घेऊन चौकटीपाशी गेले होते. जंपर रात्री रेशमाची छोटी पिशवी विणून त्यात झोपतात, ती आहे वरच्या कोपऱ्यात, पांढरी, नखाएवढी. खाली खिडकीत ठमी बसलीये, वर बघत, किती वेळ कोण जाणे. दोघांचा मिळून एक फोटो काढावा असं क्षणभर वाटलं आणि मग ठमीच्या बघण्यातला हेतू लक्षात आला, तेव्हा तिला उचलून आतल्या खोलीत कोंडलंय. ओरडतेय.

आत्ता ताईचा मेसेज आला. ती पण जागी आहे. "डोकं राहिलं का? आणि ते पान कसलं होतं गं, फार गोड रंग होता."

आता हिला काय सांगू. ते पान नाहीये. तो तिचा हिरवा स्कार्फ आहे. मागच्या वेळी इथे विसरली होती आणि मग कुठेच सापडला नाही म्हणून तिने काकूंवर संशय घेतला होता, आणि त्यावरून दोघी दोन महिने नीट बोलत नव्हत्या, तो. माझ्या कपाटात होता. मला खरंच माहीत नव्हतं तेव्हा. नंतर कळलं. नंतर सांगायची वेळ निघून गेली होती.

तीनदा टाईप करून खोडलं. शेवटी लिहिलं, "माहीत नाही, कुठलीतरी वेल असेल."

लगेच उत्तर. "मला एक फांदी दे ना, कुंडीत लावते."